पाकिटं पाण्यात घालू नका

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. बाबा गेल्या वर्षी चवथीनंतर वारले. ते शाळामास्तर होते आणि लहानपणापासून टपाल तिकिटं जमवायचे. माडीवरच्या कपाटात त्यांचे चार अल्बम, बिस्किटांच्या डब्यात सुटी तिकिटं आणि फडक्यात बांधलेला जुन्या पाकिटांचा गठ्ठा आहे. पाकिटं आजोबांच्या काळातली. त्यांचं मडगावला कापडाचं दुकान होतं. काही पत्रं त्यांना आलेली, काही त्यांनी मुंबईच्या धाकट्या भावाला लिहिलेली, ती भावाने मागाहून परत आणून दिली. आम्ही तीन भावंडं. थोरला भाऊ पुण्याला, धाकटा लिस्बनला. थोरला म्हणतो, बाबांकडे गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट आहे आणि ते कोटीत जातं. धाकटा म्हणतो, पुढच्या खेपेला सगळं बॅगेत घालून इकडे आणतो, इथे गिऱ्हाईक चांगलं मिळेल. एक व्यापारी घरी येऊन सगळं पाहून गेला, पस्तीस हजार सांगितले आणि दोन दिवसांत कळवा म्हणाला. वहिनी म्हणते, पाकिटांनी जागा अडवली आहे, तिकिटं पाण्यात सोडवून घेऊ आणि कागद टाकून देऊ. आई 84 वर्षांची, तब्येतीने बरी आहे. खरी किंमत कशी कळायची? की पस्तीस हजारांना देऊन मोकळं व्हावं?
– एक वाचक, फोंडा

ताई,

आधी वहिनींना थांबवा. बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही. ते फडकं आहे तसं बांधून ठेवा. एकही पाकीट पाण्यात जाऊ देऊ नका, त्याला कात्री लावू देऊ नका, तिकिटाच्या कोपऱ्यात नख घालून सुटतंय का तेही पाहू नका. तुमचं सगळं पत्र अल्बमभोवती आणि त्या दहा रुपयांच्या तिकिटाभोवती फिरतं. माझं लक्ष मात्र पहिल्या वाचनातच त्या गठ्ठ्यावर खिळलं. तुमच्या घरातला सगळ्यात मोलाचा भाग बहुधा तोच आहे.

हे इतक्या कळकळीने लिहितो, त्याला कारण आहे. मी तेरा वर्षांचा असताना डिचोलीच्या मामांच्या घरी एका पेटीत अशीच पाकिटं सापडली होती. पन्नास-साठ तरी असतील. मामांनी "घे" म्हटलं. मी न्हाणीत पितळी परातीत कोमट पाणी घेतलं, पाकिटं बुडवली, तिकिटं सुटून वर आली तशी वर्तमानपत्रावर वाळत घातली. कागदांचा लगदा माडाच्या आळ्यात टाकला. वाळलेली तिकिटं वहीत चिकटवताना मला कोण आनंद झाला होता. एक पाकीट तेवढं एका पुस्तकात खुणेसाठी घातलेलं राहिलं म्हणून वाचलं. ते आज माझ्या टेबलावर आहे. डाव्या बाजूला जुन्या नाण्याचं चित्र असलेलं पोर्तुगीज तिकीट, किंमत सेंताव्ह या पोर्तुगीज चलनात. त्याला खेटून भारताच्या नकाशाचं 15 नये पैशांचं तिकीट. दोन्हींवर मिळून एकच गोल पोर्तुगीज शिक्का, आणि शिक्क्यातली तारीख जानेवारी 1962 च्या पहिल्या दिवसांतली. ते पाकीट हातात धरलं, की परातीतली बाकीची कोणत्या दिवसांतली असतील ते माझ्या लक्षात येतं. ती तिकिटं अजून माझ्याकडे आहेत. सुटी तिकिटं म्हणून त्यांना विचारणारं कुणी नाही.

आता त्यामागचा हिशेब सांगतो. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. त्या महिन्याच्या अखेरीस इथल्या टपाल कचेऱ्यांत भारतीय तिकिटं आली, आणि जुनी पोर्तुगीज तिकिटं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालवून घेतली गेली. जेमतेम काही दिवस दोन्ही तिकिटं एका पाकिटावर बसत होती. शिक्के तर त्यानंतरही काही महिने जुनेच होते. सुटं केलेलं तिकीट यातलं काहीच सांगत नाही. त्याच्यावर शिक्क्याचा पाव भाग उरतो, गावाच्या नावातली तीन अक्षरं उरतात. अख्ख्या पाकिटावर मात्र कुठून निघालं, कधी निघालं, किती दर पडला, कोणत्या वाटेने गेलं, कुणाच्या हाती पोचलं, हे सगळं जागच्या जागी असतं. जाणते संग्राहक पैसे मोजतात ते याचे.

अशा दुहेरी तिकिटांचा गोव्यात आणखी एक, त्याहून जुना काळ आहे. पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतःची तिकिटं 1 ऑक्टोबर 1871 ला निघाली. 1877 मध्ये पोर्तुगीज वसाहती जागतिक टपाल संघात गेल्या. मधल्या वर्षांत इथून ब्रिटिश हिंदुस्थानात जाणाऱ्या पत्राला काही वेळा इकडचं एक आणि तिकडचं एक अशी दोन तिकिटं लागत. आजोबांच्या गठ्ठ्यात इतकं जुनं निघेल अशी आशा मी तुम्हाला लावत नाही. पण पेढी जुनी असेल आणि पणजोबांचेही कागद त्यात मिसळले असतील, तर प्रत्येक पाकीट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

1955 पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. त्या वर्षांत मडगाव आणि मुंबई यांच्यामधला व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार हा इतिहासाचाच कागद आहे. पाकिटाची मागची बाजू अवश्य पाहा. वाटेतले आणि पोचल्याचे शिक्के तिथेच असतात. आणि आतला कागद फेकू नका. 1961-62 च्या त्या दिवसांत हौशी मंडळींनी मुद्दाम दोन्ही तिकिटं लावून स्वतःलाच पत्रं टाकली होती. तीही विकली जातात. पण "अमुक ताग्यांचे पैसे पोचले, पुढचा माल पाडव्याआधी पाठवा" असा खराखुरा धंद्याचा मजकूर आत असेल, तर ते पाकीट गरजेपोटी गेलेलं आहे, हौसेपोटी नाही, याचा पुरावा त्याच्या पोटातच असतो.

गठ्ठा उघडाल तो कोरड्या दिवशी, पंखा बंद करून, स्वच्छ पांढऱ्या चादरीवर. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. शिक्क्यांवरच्या तारखांप्रमाणे पाकिटं लावा. डिसेंबर 1961 ते मे 1962 ची वेगळी काढा, दोन देशांची तिकिटं एकत्र असतील ती वेगळी काढा, आणि लहान गावांचे शिक्के असतील ती वेगळी. मडगाव-पणजीचे शिक्के भरपूर मिळतात. साखळी, काणकोण, केपें, पेडणे असा शिक्का ठळक उमटलेला असेल तर तो शोधणारी माणसं आहेत. दमण-दीवचे तर आणखी वेगळे. प्रत्येकाचे मोबाईलवर पुढून-मागून फोटो घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. पाकिटावर पेनाने नंबर घालू नका. नंबर घालायचा तो वेगळ्या चिठ्ठीवर.

आता अल्बम. इथे तुमचा थोडा हिरमोड करावा लागणार आहे, आणि तो मी आत्ताच करतो, म्हणजे व्यापाऱ्यासमोर व्हायला नको. तिकीट जुनं आहे म्हणून महाग नसतं. पंचम जॉर्जचं एक आण्याचं तिकीट शंभर वर्षांचं असलं, तरी ते अगणित छापलं गेलं आणि देशभर वापरलं गेलं. वास्को द गामाच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून 1898 मध्ये निघालेली आठ तिकिटांची मालिका दिसायला फार देखणी, पण गोव्यातल्या बहुतेक अल्बमांत ती सापडते. 1950 नंतरची पोर्तुगीज हिंदुस्थानची रंगीत तिकिटं, म्हणजे व्हाइसरॉयांची चित्रं, नकाशे, नाणी, तीही सहज मिळतात. स्वतंत्र भारताची सत्तर-ऐंशीच्या दशकांतली तिकिटं आणि त्यांची फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघालं त्या दिवसाच्या शिक्क्याची पाकिटं) बाबांनी नियमाने घेतली असतील. ती जपून ठेवावीत अशीच आहेत, पण त्यांतून मोठी रक्कम उभी राहत नाही. बिस्किटांच्या डब्यातली सुटी तिकिटं बाजारात साधारण वजनावर जातात. तरी तो डबा एकदा भिंग घेऊन चाळा. बाबांनी मुद्दाम वेगळ्या पुडीत घातलेलं काही असलं तर ते बाजूला ठेवा. शिस्तीच्या माणसाने वेगळं ठेवलेलं उगाच ठेवलेलं नसतं.

जिथे सावकाश थांबायचं ते पान म्हणजे 1871 नंतरच्या पहिल्या काही वर्षांचं. संग्राहक त्या तिकिटांना "नेटिव्ह" म्हणतात, कारण ती लिस्बनहून आली नाहीत, इथेच गोव्यात छापली गेली. दिसायला ओबडधोबड. मध्ये लंबगोल, त्यात आकडा, भोवती पोर्तुगीज अक्षरं, राजाचं डोकं नाही, नक्षीही जेमतेम. एका ओळीतली दोन तिकिटं नीट शेजारी बसत नाहीत, कडेचे दाते कुठेही तोडलेले, कागद कधी पातळ कधी जाड. पोराने बटाट्याचा ठसा उठवावा तशी वाटतील आणि वहिनी नेमकं हेच पान "खराब" म्हणून बाजूला टाकतील. त्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांचे इतके प्रकार आहेत, की आकड्यामागच्या बारीक रेघा मोजून, अक्षरांचं वळण पाहून, कागद उजेडासमोर धरून ते ओळखावे लागतात. काही प्रकार साधे आहेत, काही फार दुर्मीळ. आणि याच कारणाने त्यांच्या नकलाही खूप झाल्या आहेत. 1877 पासूनच्या मुकुटाच्या छापाच्या तिकिटांची पुढे पुनर्मुद्रणं निघाली. 1880 च्या दशकात चलन बदललं तेव्हा जुन्या तिकिटांवर नवी किंमत छापली गेली, आणि तसे खोटे छापेही लोकांनी मागाहून मारले. म्हणून या पानांवरचं काहीही फोटोवरून महाग ठरवू नका, स्वस्तही ठरवू नका. ते जाणत्याने हातात घेऊनच पाहायला हवं.

अल्बममधलं पान कोणत्या काळाचं हे कळायला एक सोपी खूण देतो. किंमत नुसत्या रेइस या जुन्या पोर्तुगीज चलनात असेल तर तिकीट जुनं. 1880 च्या दशकापासून रेइसच्या जोडीला तांगा आणि रुपिया आले. सेंताव्ह आणि एस्कुदो दिसले तर 1959 नंतरचं. राजाच्या चित्रावर "रेपुब्लिका" असा आडवा छापा असेल, तर 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेल्यानंतरचं.

थोरल्या भावाला गांधीजींच्या तिकिटाबद्दल समजावून सांगा, पण त्याला खोटं पाडू नका. त्याने वाचलेली बातमी खरीच असणार. 15 ऑगस्ट 1948 ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यांचे फक्त शंभर संच गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी "सर्व्हिस" असा छापा मारून वेगळे केले होते. 2017 मध्ये लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या पेढीने पाच लाख पौंडांना विकली ती या "सर्व्हिस" छापाच्या दहा रुपयांच्या तिकिटांची चारांची पट्टी. बाबांचं तिकीट साधं असणार. साधंही चांगलंच मानलं जातं, मागणी कायम असते, चारही तिकिटं एकत्र असतील तर जास्त. कोरं, मागचा गोंद शाबूत आणि कधीही न चिकटवलेलं असेल तर किंमत एक, वापरलेलं असेल तर दुसरी, बरीच कमी. आणि त्यावर "सर्व्हिस" छापा दिसलाच, तर आनंदापेक्षा संशय आधी धरा. अशा छापाची नक्कल करणं अवघड नाही. तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही.

गोव्यात किंमत खाणारा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. तीन-चार महिने माडीवरचं बंद कपाट म्हणजे ओलाव्याचं घर. तिकिटाच्या दात्यांवर तांबूस ठिपके येतात, कोऱ्या तिकिटांचा गोंद सुटून ती पानाला घट्ट बसतात, कसर लागते, खालच्या कप्प्यात वाळवी. एखादं पान उघडत नसेल तर जोर लावू नका, सुरीही घालू नका. ओढून काढलेल्या तिकिटाची पाठ सोलवटते, आणि उजेडासमोर धरलं की तो पातळ डाग लगेच दिसतो. एक दाता तुटलेला, एक कोपरा दुमडलेला, एक तांबूस ठिपका, एवढ्यानेही किंमत निम्म्याच्या खाली येते. चिकटलेली पानं तशीच वेगळी ठेवा, ती सोडवण्याच्या पद्धती जाणकाराला ठाऊक असतात. अल्बम माडीवरून खाली आणा आणि मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात उभे ठेवा. आडवे एकावर एक रचू नका. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर महिन्याला बदलायच्या. डांबराच्या गोळ्या नकोत. स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशव्याही नकोत, त्या वर्षभरात तिकिटाला चिकटतात.

किंमत काढायची तर आधी कॅटलॉग, म्हणजे तिकिटांची यादी आणि भाव देणारी पुस्तकं. स्टॅन्ली गिबन्स, स्कॉट आणि मिशेल हे तीन जगभर चालतात. पोर्तुगीज वसाहतींसाठी पोर्तुगालमधले अफिन्सा आणि मुंदिफिल जास्त बारकाईने लिहितात. इथे धाकट्या भावाला काम द्या. अल्बम तिकडे नेण्यापेक्षा त्याने तिकडून कॅटलॉगमधल्या पोर्तुगीज हिंदुस्थानच्या पानांचे फोटो पाठवावेत. लिस्बनला जुन्या तिकिटांची दुकानं आहेत, तिथे भाव काय चालतात तेही विचारावं. ही मदत फार मोठी आहे आणि तोच ती करू शकतो.

पण कॅटलॉगमधला आकडा म्हणजे तुमच्या हातात येणारे पैसे नव्हेत. स्टॅन्ली गिबन्सचा आकडा हा दुकानदार निर्दोष तिकीट गिऱ्हाइकाला विकेल तो भाव असतो. कॅटलॉगमधली सगळ्यात छोटी रक्कम तर बरेचदा तिकीट हाताळण्याचीच मजुरी असते. तशी हजार तिकिटं असली म्हणून त्या रकमेला हजाराने गुणायचं नसतं. साध्या तिकिटांच्या अल्बमला व्यापारी कॅटलॉगच्या एकूण बेरजेचा लहानसा हिस्साच देतो, आणि त्यात तो फसवतोच असं नाही. त्याला ते एकेक करून वर्षानुवर्षं विकायचं असतं. दुर्मीळ तिकीट आणि चांगलं पाकीट मात्र कॅटलॉगच्या जवळ जातं, काही वेळा वरही. पाकिटांची किंमत तर कॅटलॉगात धड मिळतच नाही, ती लिलावात काय गेलं त्यावरून काढतात. इंटरनेटवर पाहाल तेव्हा विकणाऱ्याने मागितलेली रक्कम सोडून द्या. तशाच वस्तूचा सौदा पूर्ण झालेला कितीला, तेवढंच पाहा. मागायला कुणीही लाख मागू शकतो.

त्या व्यापाऱ्याला नकार द्या, पण नीट बोलून. पस्तीस हजार कमी की जास्त, हे वस्तू न पाहता मी सांगणार नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक, त्याने सगळ्याचा एकच आकडा सांगितला. त्याला विचारा: अल्बमचे किती, डब्याचे किती, पाकिटांचे किती? वेगवेगळं सांगायला तो तयार नसेल, तर त्याला नेमकं काय हवं आहे हे तुम्हाला कळेल. दुसरं, दोन दिवसांची घाई. सत्तर वर्षं कपाटात राहिलेली वस्तू दोन महिन्यांनी नासत नाही. जो किंमत सांगणार तोच विकत घेणार असेल तर त्याचं मत हे मत नव्हे, तो सौदा आहे. घरी पाहायला म्हणून एकही पान कुणाला देऊ नका. पाहायचं ते तुमच्या टेबलावर, तुमच्यासमोर.

मग विचारायचं कुणाला? पणजीच्या मुख्य टपाल कचेरीत, पाटोच्या पुलाकडच्या त्या जुन्या तंबाखूच्या वखारीच्या इमारतीत, फिलाटेलीचा, म्हणजे तिकीटसंग्राहकांसाठीचा, विभाग आहे. टपाल खातं जुनी तिकिटं विकत घेत नाही आणि किंमतही लावून देत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे हेलपाटा पडला असं वाटायला नको. पण नवी तिकिटं घ्यायला येणारे गोव्यातले जुने संग्राहक तिथेच भेटतात. अशा दोघा-तिघांना, वेगवेगळं, फोटो दाखवा. त्यांना विकत घ्यायचं नसेल तर मत मोकळं मिळतं. त्यातून पन्नास पाकिटं आणि दोन पानं निवडली गेली, की तेवढीच घेऊन मुंबईच्या एखाद्या लिलावगृहात जा. कुरियर करू नका. मांडवी एक्स्प्रेसने हातात घेऊन जा. विकायला दिलंत तर प्रत्येक वस्तूची सही-शिक्क्याची पावती घ्या आणि कमिशन किती, त्यावरचा जीएसटी कुणाकडे, किमान बोली किती, विकलं नाही तर परत कधी, पैसे किती दिवसांत, हे सगळं आधी लेखी घ्या. 1871 च्या पानावरचं काही खरोखर मोलाचं निघालं, तर प्रमाणपत्राचा खर्च करा. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीचं प्रमाणपत्र जगभर मानलं जातं. त्याला फी लागते, वेळ लागतो, म्हणून साध्या तिकिटासाठी ते करू नये. आणि तिकडे काही पाठवण्याआधी देशाबाहेर नेण्याचा नियम पाहा, तो लगेच पुढे सांगतो.

धाकट्या भावाच्या बॅगेबद्दल. हे मनावर घ्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुना, ऐतिहासिक महत्त्वाचा हस्तलिखित कागद सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जुनी पत्रं आणि तिकिटं त्यात कुठे बसतात हे विमानतळावर दाबोळीला वाद घालून ठरवायची गोष्ट नव्हे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत काहीही बाहेर जाऊ नये.

आणि विकायच्या आधी, हे कुणाचं आहे ते पाहा. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर निम्मा वाटा आजही तुमच्या आईंचा आहे. वाटणी होते ती बाबांच्या निम्म्याची, आणि तीत मुलगी म्हणून तुमचा वाटा भावांइतकाच. घराची-जमिनीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीसाठी कोर्टात होणारी मालमत्तेची यादी, होणार असेलच, तर त्या यादीत हा संग्रहही लावा आणि नोटरीला किंवा वकिलाला तसं स्पष्ट सांगा. त्याच कामकाजात वारसांना आपसांत बोली लावता येते, जुने लोक तिला लिसितासांव म्हणतात. ज्याला संग्रह ठेवायचा आहे त्याने जास्त बोली लावून तो घ्यावा आणि बाकीच्यांना पैसे द्यावेत. भांडण न होता बाबांची वस्तू घरात राहण्याचा हा चांगला मार्ग आहे. पानं वाटून घेऊ नका. तिघांनी मिळून मालिका फोडल्या तर तिघांच्याही हातात अपुरं राहतं. आजोबांचा पत्रव्यवहार तर एका ठिकाणीच राहायला हवा, विकलात तरी एकाच गिऱ्हाइकाला.

माझं मन विचाराल तर मी अल्बम विकीन आणि पाकिटं ठेवीन. तुम्हाला पैशांची निकड असेल तर उलट करा, त्यात कमीपणा नाही. फक्त विकण्याआधी पाकिटांचे स्वच्छ स्कॅन करून ठेवा.

एक काम मात्र याच आठवड्यात करा, त्याला पैसा लागत नाही. दुपारी आईंची झोप झाली, चहा झाला, की ती चादर त्यांच्यासमोर पसरा आणि एकेक पाकीट त्यांच्या हातात द्या. कापडवाल्याला बेळगावहून कोण लिहीत असे, कारवारचे ते सोयरे की व्यापारी, आजोबांच्या मुंबईच्या भावाचा पत्ता गिरगावातून कधी बदलला, हे आता त्या एकट्याच सांगू शकतात. कुणाचा पत्रव्यवहार, कुणाशी आणि कशासाठी हे कळलं, की तोच गठ्ठा विकत घेणाऱ्याच्याही लेखी वेगळा होतो. फोन जवळ ठेवून आवाज टिपून घ्या आणि प्रत्येक पाकिटाचा नंबर मोठ्याने म्हणा, म्हणजे मागाहून गोष्ट आणि पाकीट यांची गल्लत होणार नाही.